डब्यातली कॉफी

पिंकी,

तुह्या आत्याकडे कन्हानले जाऊन राहिलो. जेवायले थांबू नको. स्कूटरची चावी तुह्या पर्समधून घेतली. चौकात खरी कॉफी पिऊनच निघीन.

पिठाच्या पिंपामागं डिकॅफचं, म्हणजे बिनकॅफिनच्या कॉफीचं, पाकीट सापडलं. माह्या बीपीसाठी कॉफीच्या डब्यात तू गुपचूप तेच भरून राहिली होती ना वं? मले सांगितलं असतं, तर मी कॉफी सोडूनही दिली असती.

पंधरा दिवस मले वाटलं, म्हातारपण आलं. भर दुपारी प्रताप नगरच्या सिग्नलवर डुलकी लागली, म्हणून भिऊन मीच ही चावी तुह्या हातात दिली. डुलकी काहून लागली, हे तुले माहीत होतं. तरी तू म्हटलं, "बरं केलं बाबा."

– बाबा