भागीबाईचा भिकन

मनमाड,
एप्रिल १९८४

प्रिय आत्याबाई,

सप्रेम जयभीम.

अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत, तुम्ही जुळवत जुळवत वाचता म्हणून. वेळ लागला तरी चालेल, पण हे पत्र शेजारच्या चिमणाबाईच्या हातात देऊ नका. दिलंत की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला तोंडपाठ होईल, आणि माझ्या नावाने बोटं मोडायला तिला निमित्तच लागतं.

तुमचा निरोप पोचला. विहारापाशी पाण्याची टाकी बांधून झाली, बुद्धपौर्णिमेला ती ह्यांच्या नावाने सुरू करायची, आणि टाकीवर बसवायच्या दगडावरचा मजकूर मी लिहायचा. लेणीतल्या त्या राणीने लेकाबद्दल लिहिलंय तसं लय झाक लिही, वाचणाऱ्याने मान खाली घातली पाहिजे, असं तुमचं सांगणं. पाथरवट खोळंबलाय हे मला कळतं हो. पण कागद घेऊन बसते नि तशीच उठते. दिवसभर शाळेत फळे भरभरून लिहिणारी मी, आणि हे चार ओळींचं काम हातून होत नाही.

ती राणी तुम्हाला मीच दाखवली, नाही का? शहात्तर साली, आमच्या लग्नानंतर आपण तिघं लेणी चढून गेलो होतो. तुम्ही दर वळणावर बसायचात आणि डोंगराला शिव्या द्यायचात. वर ओसरीच्या भिंतीवरची ती ठोकळ अक्षरं दाखवून मी सांगितलं, की ही एका म्हाताऱ्या आईने कोरून घेतलीत. तिचा लेक सातवाहनांचा मोठा राजा, आणि तो तिच्याआधी गेला. त्याचं तोंड उमललेल्या कमळासारखं होतं, त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले होते, तो रामासारखा, केशवासारखा, भीमार्जुनांसारखा होता, शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडायचं नाही आणि आईच्या सेवेत त्याने कधी कसूर केली नाही. सगळं ऐकून तुम्ही कमरेवर हात ठेवलेत आणि म्हणालात, बाईनं भिक्खूंना लेणी दिली ते ब्येस केलं, पण राम नि केशव कशाला घुसडले मधी? हे तर पायरीवर बसून पोट धरधरून हसले होते.

मग तुम्ही विचारलं होतंत, सुनेचं नाव कुठंय? मी म्हटलं, सुनेचं नाव नाही. नातवाला वासिष्ठीचा मुलगा म्हटलंय, एवढीच काय ती तिची खूण. तुम्ही चुकचुकलात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, मूल होईलच असं धरून चालले होते ना.

यंदा सहावीला इजिप्त शिकवलं. तिथला राजा जिवंतपणीच देव. मेला की आणखी मोठा देव. त्याच्या थडग्यात त्याच्या वहाणा, त्याचा पलंग, खाणंपिणं सगळं ठेवायचे. शिकवता शिकवता मला तुमच्या कोनाड्यातली ह्यांची चप्पल आठवली. पुसून ठेवलेली, शेजारी कंगवा, घडी घातलेला पांढरा शर्ट. एक मुलगी उठून म्हणाली, बाई, देव होता तर मेला कसा? वर्ग हसला. मला खडू टेबलावर ठेवावा लागला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा चिमणाबाई तिच्या नातवाला फोटोच्या पाया पडायला लावत होती. तुम्ही तिला सांगत होतात, की माझा लेक देवमाणूस, जन्मात कधी आवाज चढवला नाही, गेला तोसुद्धा हात जोडून, बुद्धाचं नाव घेत. मी चहा टाकायला आत निघून गेले. आत्याबाई, माणसाचा देव करायचा नाही, हे वस्तीतल्या पोरांना कोणी शिकवलं? तुम्हीच ना? मग आपल्याच घरात हे काय मांडलंय?

आता एक करते, रागावू नका. आजवर तुमच्यासमोर मी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. आज घेते, आणि एकेरीत घेते, कारण खोलीचं दार लावल्यावर आम्ही एकेरीतच भांडायचो. भिकन. तुम्हीच ठेवलेलं नाव. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून हा जन्मल्याबरोबर सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलात आणि पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून मागून घेतलात. हे भिकेचं पोर आहे, ह्याला नेऊन काय करायचं, असं मरणाला वाटावं म्हणून. कॉलेजात त्याला नाव बदलायचं होतं, तेव्हा तुम्ही दोन वेळ जेवला नव्हतात. आणि आता तुमच्या निरोपात म्हणे दगडावर भिकन नको, शोभत नाही, काहीतरी राजासारखं घाल.

माझा भिकन राजा नव्हता हो. पालीला घाबरायचा. तुमच्याशी भांडून एकदा महिनाभर बोलला नव्हता, आठवतंय? तुम्ही त्याचं रेडिओचं खोकं पोरांना खेळायला दिलंत म्हणून. निरोप सगळे माझ्या तोंडून जायचे, आईला सांग, ह्याला सांग, आणि बसलेले दोघं एकाच चुलीपुढे! बिड्या प्यायचा, खिशात लवंग ठेवायचा, आणि तुम्हाला कळत नाही असं समजायचा. आमचं मूल पोटातच गेलं तेव्हा तुम्हाला वाटलं, किती धीराचा माझा लेक. तो मोरीत नळ सोडून रडत होता, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. बादली भरून वाहत होती नि मी दाराबाहेर उभी होते.

आणि शेवटचं. तुम्ही उसाचा रस आणायला गेला होतात. काविळीने त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पण जिभेची खोड तीच. मी भरवत होते तो भात त्याने ढकलला आणि म्हणाला, चिमूटभर तिखट घातलंस तर तुझ्या बापाचं काय जातंय? मला हसू आलं. तोही जरासा हसला. मग झोपला, तो उठलाच नाही. हात जोडले नव्हते, आत्याबाई. हात माझ्या पदरावर होता. तुम्ही लोकांना काय सांगायचं ते सांगा, पण हे एवढं मला जपून ठेवायचंय, आणि देवमाणूस देवमाणूस ऐकून ऐकून ते पुसट व्हायला लागलंय. हल्ली तो आठवायला गेलं की फोटोच डोळ्यांपुढे येतो. मी घाबरून उठते, त्याचा आवाज आठवत बसते.

मजकूर लिहिलाय. एकच ओळ आहे: भागीबाईचा भिकन. खाली साल घाला, बस. लेणीतला तो एवढा मोठा राजा, पण त्यालाही जग आईच्याच नावाने ओळखतं, गौतमीचा पुत्र म्हणून. त्याहून राजासारखं मला काही सुचलं नाही. माझं नाव कुठेही घालू नका.

ते का, तेही सांगते. इथे रेल्वेच्या कारखान्यात झुंबर नावाचे एक आहेत. बायको वारली, लहान मुलगी आहे. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. तिखट फार खातात, आणि मी भिकनबद्दल बोलायला लागले की उठून जात नाहीत, ऐकत बसतात. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण मला माहेर उरलेलं नाही. माझ्या बाजूने उभं राहायला तुम्ही एकट्याच आहात, आणि तुम्ही आलात तरच मी उभी राहीन. नाही आलात तर इथेच शाळा करीन, तक्रार करणार नाही. पण देवाची बायको म्हणून मला पुरं आयुष्य काढता यायचं नाही, आत्याबाई. देवाच्या बायकोला दुसरं घर करता येत नाही. भिकनच्या बायकोला येतं. म्हणून हात जोडून सांगते, त्या दगडावर त्याला भिकनच राहू द्या.

उद्या लेकाची नसले, तरी तुमचीच,
सुला