अंगठ्याशेजारचं बोट

हैदराबाद, ६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
दीपाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आईने स्पीकर लावला की अर्ध्या आर्णीला बातमी कळते, म्हणून हे पत्र. आधी बसा, मग वाचा.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाच्या दोन्ही हातांना अंगठ्याशेजारी आणखी एक बोट दिसतंय. हसावं की रडावं? पाच वर्षं मी प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून पिल्लाच्या पंखात बोटं कशी येतात तेच बघते आहे. लेक अंडी उबवायला हैदराबादला गेली, असं तुम्ही चारचौघांत सांगता, तेच काम.

बोटं किती आणि कुठे, हे ठरवणारं एक जनुक असतं. ते मेंदू घडवतानाही लागतं. घरात वीज एकच पण खोल्यांचे खटके वेगळे, तसं त्याचं असतं. हाताचा खटका नको तिथे लागला तर बोट वाढतं, बाकी शरीर शाबूत. सापाचे पाय गेले त्यातही याच खटक्याची झीज सापडली आहे.

पण बाळाचं हे नुसतं खटक्याचंच आहे, असं फोटोवरून सांगता येत नाही. कधी अशा बोटासोबत हृदयाचं दुखणंही असतं. म्हणून पोटात सुई घालून गर्भजल तपासायचं, १७ तारीख दिली आहे. त्या सुईने क्वचित बाळ जातं. मागच्या वर्षी माझं एक पोटातच गेलं, बाबा. मला फार भीती वाटते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, घराण्यात कोणाला असं बोट होतं आणि तो माणूस ठणठणीत असेल, तर सुई टाळता येईल. माझ्या सासरी कोणी नाही. आपल्याकडे? आजी, आत्या, कोणीही? लगेच कळवा.

लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू द्या.

आपली,
दीपा

---

आर्णी, १० जानेवारी २०२५

चि. सौ. दीपास,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र पोचले. दोनदा वाचले. आपल्या घराण्यात असे कोणी नाही, कधी नव्हते. तुझ्या सासूबाईंनी विचारले तर हेच सांग. सुनेच्या माहेरात खोट काढायला लोकांना निमित्तच हवे असते. तपासणीबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे. यंदा तूर बरी आहे, डाळ पाठवतो. दूध घेत जा.

तुझा बाबा,
डोमाजी

---

आर्णी, ११ जानेवारी २०२५

दीपा पोरी,
जयभीम.

तुह्या बाबाले न सांगता लिवून राह्यली. त्यायनं तुले खोटं लिवलं. त्याइच्या उजव्या अंगठ्याजवळ बोट होतं. शाळेतले पोरं चिडवत, म्हणून चौदाव्या वर्षी दवाखान्यात जाऊन कापून घेतलं. लोकाइले सांगतलं का कडबा कापायच्या मशिनीत सापडलं.

अन् तुलेबी होतं. दोन्ही हाताले, बारकंसं, हाड नसलेलं. तू पाच दिवसाची होती तवा तुह्या आजीनं रेशमाचा दोरा आवळून बांधला. आठ दिवसात गळून पडलं. अंगठ्यापाशी तू ज्याले तीळ म्हणतं, ते तीळ नाही. साऱ्या गावाले गंडेदोरे सोडायले लावणारा मास्तर, पण त्या दिवशी यायनंच तुह्ये हात धरले होते. तुह्या लग्नाच्या वक्ती म्या म्हटलं सांगून टाका. ते म्हणे, सोयरीक मोडन.

सतरा तारखेच्या आत हे पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं धाडतो. माह्या जिवाले घोर लागला आहे. बाबाले माह्यं नाव नको सांगू.

तुही आई,
सत्यशीला

---

हैदराबाद, १६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

डाळ पोचली. काल प्रयोगशाळेत मी माझाच अंगठा भिंगाखाली धरला. मग डॉक्टरबाईंना दाखवला. दोरा बांधून पाडलेलं बोट आहे, असं त्या बघताक्षणी म्हणाल्या. पाच वर्षं मी पिल्लांची बोटं मोजली, स्वतःचा हात कधी पाहिला नाही.

एकट्या माझ्यावरून डॉक्टरबाईंना खात्री देता येत नाही, म्हणून सुई फक्त ३१ तारखेपर्यंत पुढे ढकलली आहे. हे मला ज्याच्याकडून आलं, तो माणूस आणि त्याचं रक्त आधी तपासायचंय. खटक्यातला बदल त्याच्यात आणि माझ्यात सारखा निघाला आणि त्या माणसाचं हृदय धड असलं, तर सुई नको.

तपासणीच्या वेळी सासूबाई सोबत होत्या. माझा अंगठा हातात घेऊन बघत बसल्या आणि लग्नाआधी हे का सांगितलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मला त्याचीच धास्ती बसली आहे. मी तुमच्यावर रागावले आहे, बाबा, पण मला तुम्ही इथे हवे आहात.

दीपा

---

आर्णी, २० जानेवारी २०२५

चि. दीपास,
अ. उ. आ.

तुझी आई समोर तूर निवडते आहे आणि माझ्याकडे बघत नाही. काय घडले ते मला कळले. बरे केले तिने.

माझी खोट तुझ्या हातात उतरली, असे मला तू जन्मलीस त्या दिवशी वाटले. ती कोणाला दिसू नये, एवढेच मी पाहिले. त्यापायी तुझे बाळ सुईखाली ठेवायला निघालो होतो. बाप म्हणून मला स्वतःची लाज वाटते.

परवा यवतमाळहून बसने निघतो. रक्त लागेल तेवढे घ्या. लपवले ते मी, तुला ठाऊकही नव्हते, हे तुझ्या सासूबाईंना मी स्वतः सांगेन. त्या काय म्हणतील याची मला भीती वाटते, तरी सांगेन. तीस वर्षे वर्गात सांगत आलो की उत्तर येत असेल त्याने हात वर करावा. डॉक्टरबाईंना म्हण, घराण्यात असे कोण होते, हे माझ्यासमोर पुन्हा एकदा विचारा.

लोभ ठेवशील का, तेही विचारायलाच येतो आहे.

तुझा,
बाबा