तिकडे 'मी' म्हणजे कोण

पनवेल, मंगळवार, १९५९. दिवेलागणीला.

इस्रायलहून लेकीचं पत्र आलं. पुढल्या महिन्यात मी जाणार, चार वर्षांची नात पहिल्यांदा बघणार, म्हणून सकाळपासून आपली हसतेच आहे. रिबकाने बजावलंय, आई, शाल आण, कोकमं आण, शनिवारी बस नसते, दुकानात घासाघीस करू नकोस. ते जमेल. पण खाली लिहिलंय, इथल्या हिब्रू भाषेत 'मी' म्हणजे 'कोण', आणि पोरीला मराठी येत नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मी दार वाजवणार, पोर आतून विचारणार, "मी?" आणि मी सवयीने म्हणणार, "मी!" भ्याली नि दार उघडलंच नाही तर?

मासळीवाली द्रौपदी म्हणाली, "आजे, मंग तुजं नाव सांग ना! भ्याचं काय हाय त्यात?" नाव काय सांगू? माझ्या नावाने पोर मला थोडीच ओळखते! तिकडे आजीला सावता म्हणतात. घोकलं. मग बाहेर जाऊन आपल्याच दाराची कडी वाजवली, तर तोंडातून निघालं, "मी गं!"

आता रिबकाला लिहिते, तिकडचं बाकी सगळं मी शिकेन. तू पोरीला आपला एकच शब्द शिकव, आजी.