साहेबाचा नकली रस्ता

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखव, पुढचं तुझ्यासाठी.

आमच्या साहेबाला नव्या ऑफिसात 'बाहेरचा जिवंत रस्ता' हवा होता. मी आठ दिवस ऑफिसच्या दारासमोर चपला शिवणाऱ्या काकांशेजारी बसून त्यांचं बाकडं, रंगीत छत्री, टांगलेले पट्टे यांची वहीत चित्रं काढली. त्यावरूनच नवं बाकडं, छत्री बनवून स्वागतकक्ष सजवला. साहेब खूश! आणि त्याच मेल्यानं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काकांना हाकललं. म्हणे, पाहुण्यांना घाण दिसते.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी काकांना हाताला धरून आणलं आणि पाहुण्यांसमोर त्या नव्या बाकड्यावर बसवलं.

"हा इथे कशाला?" साहेब दातओठ खात म्हणाला.

"डिझाइन यांचंच आहे," मी मोठ्यानं सांगितलं.

तिथल्या तिथे नोकरी गेली.

बाहेर पडताना काका म्हणाले, "पोरी, बाकडं उंच झालंय. दिवसभर बसलं तर पाठ मोडेल."

साहेबाचा राग आहेच ताई, पण स्वतःचा जास्त आलाय. आठ दिवस त्यांची छत्री बघितली, पाठ बघितलीच नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना यातलं काही बोलू नकोस.

तुझी,
भडकलेली धाकटी