दाण्यांवरचा ससाणा

ताई,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मगच पुढचं.

एकट्याने जेवू नये असं आई म्हणते ना, म्हणून कारखान्यातून आलो की मी अंगणात मूठभर दाणे टाकतो. पारवे खातात, मी पायरीवर बसून खातो.

काल घास तोंडात असतानाच ससाणा दगडासारखा कोसळला. पारव्याला पंजाखाली दाबून जिवंतपणीच त्याची छाती फोडायला लागला. पिसं माझ्या ताटात आली. मी खराटा घेऊन धावलो, तर मेल्याने माझंच मनगट फाडलं. (टाके पडले नाहीत, उगाच रडू नकोस.) तो उडाला, पण पारवा तडफडत राहिला. शेवटी मीच त्याची मान मुरगळली. मान केवढीशी असते गं.

शेजारचे म्हातारबुवा कुंपणावरून म्हणाले, "रोज त्याच वेळी, त्याच जागी दाणे टाकतोस. जेवायला तूच बोलावलंस त्याला."

आज दाणे टाकलेच नाहीत. तरी तो आला आणि माझं जेवण होईपर्यंत कुंपणावर बसून राहिला.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, जेवताना मला सोबत असते. कोणाची, ते सांगू नकोस.

तुझा धाकटा