छताच्या पाच तारा

मंगळवार, दिवेलागण

आबा उद्या सकाळच्या एसटीनं शिरपूरहून येतीन. त्याहिच्या जुन्या अँबॅसिडरचं आतलं छत मी न विचारता बदललं. जुनं कापड काढलं तवा ते ताणून धरणाऱ्या पाच तारा ओट्यावर ओळीनं मांडल्या होत्या. नंबर कायले नाही टाकले? मायनं त्या उचलून दोडक्याच्या वेलाले आधार म्हणून रोवल्या. उपटून आणल्या, पण प्रत्येकीचा बाक वेगळा. कोणती कुठची, कळेना. अंदाजानं बसवल्या. आता नवं कापड नेमकं स्टिअरिंगच्या वर लोंबून राह्यलं. आबाची टोपी तिथंच लागन. लागनच.

माय म्हणे, "तारा मी नेल्या म्हणून सांगजो. मले काय करतीन ते?"

असं म्हणता म्हणता ती फाटकाची कडी पाहून आली. दोनदा.

अन् दोन लेकरांचा बाप मी, हो म्हणून बसलो.