पयलं आवतान

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रणय डोक्यात जातो! चौलचा सुपारीच्या वाडीवाला, नोकरीसाठी उरणला आला काय आणि आमच्या रविवारच्या खेळात घुसला काय. धनेशने आणलाय. आम्ही एकेक पात्र होऊन बोलायचं, गोष्ट धनेश चालवतो — फासे त्याचे, राक्षस त्याचे, तेव्हा माणसंही त्याचीच.

आज धनेश म्हणाला, प्रत्येक जादूगाराने सांगा, तुमची जादू येते कुठून? पोथीतून, देवाकडून, कुणाशी केलेल्या करारातून, की रक्तातून? मी पहिल्या दिवसापासून सांगतेय — रक्तातून. माझी जादूगारीण जन्मालाच आली ती हातात वीज घेऊन. प्रणयचा म्हातारा मात्र पोथीवाला. रोज सकाळी उठून मंत्र घोकणार! मी म्हटलं, "पोथी भिजली की तुझा म्हातारा पांगळा." सगळे हसले. तोही हसला. त्याचाच जास्त राग आला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आईचा घसा बसलेलाच. डॉक्टर म्हणाले, गाणं बंद. धवलारणीला गाणं बंद! अर्ध्या गावाची लग्नं तिच्या धवल्यांनी, मांडवातल्या गाण्यांनी लागली. देवांना, पितरांना गाऊन मांडवात बोलवायचं ते आईनेच. भटजी मागून येतो.

आणि चुलत बहिणीचं, हेमालीचं लग्न तोंडावर आलंय. काकी विचारत होती, "धवला कोन बोलंल गो आता?" त्यात विचारायचं काय? मी आहे ना! धवलारणीची मुलगी, धवलारणीची नात. वेळ आली की येईल तोंडात. मांडवात कधी बसले नाही हे खरं, आम्हा पोरींचं सगळं डीजेपाशी. पण कानावर तर पडतंच ना.

ओट्यावर सुपारीची पिशवी दिसली. चांगली टपोरी रोठा सुपारी. कुणी दिला विचारलं, तर आई म्हणे, "एका पोरानं."

रविवार, १६ नोव्हेंबर

चोर! चोर!!

खेळात एक दार उघडायचं होतं. धनेश म्हणाला, मंत्र म्हण. आणि प्रणयने डोळे मिटून माझ्या आईचा धवला लावला! "पयलं आवतान उंबराला..." चाल आईची. श्वास घ्यायची जागासुद्धा आईची. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

चोरी तरी धड करावी! मी सगळ्यांसमोर झापला — "उंबराला नाही रे, उंबऱ्याला! दाराचा उंबरा! झाडाला कोण आवतण देतं?" त्याने तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून हातातले फासे खाली ठेवले. मी धवलारणीची मुलगी, म्हणून धनेशने माझंच मानलं. मंत्र फुकट गेला. दारातून आगीचा लोळ आला आणि पोथीवाला म्हातारा जळून मेला. टाळ्या मी वाजवल्या. एकटीनेच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आईनेच शिकवलंय त्याला. सुपारीवाला पोरगा तोच! मी यार्डात कंटेनरचे गेटपास काढत बसायचं आणि हा आमच्या पडवीत बसून धवले शिकणार.

मी खूप ओरडले. बाप्याला धवला? तोही आगरी नसलेल्याला? आईचा आवाज फुटत नव्हता, तरी बोलली. "त्यानं इचारलं. तू कवा इचारलंस?"

"मला विचारायची गरज काय? माझ्या रक्तात आहे."

"रगतान न्हाय गो. धवला कानान असतो."

मग खोकत बसली. मी पाणी दिलं नाही. नाही दिलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काकीला सांगून टाकलं, धवला मीच बोलणार. आई म्हणाली, "बस गो जरा जवल, एकदा बोलून दाखव." म्हटलं, मांडवातच ऐक.

प्रणयला मेसेज टाकला — हेमालीच्या लग्नात पाय ठेवायचा नाही. उत्तर आलं, "मावशींनी बोलावलंय." मावशी म्हणे! कुणाची मावशी?

बुधवार, २६ नोव्हेंबर

उद्या. माझा घसा ठणठणीत आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मांडव भरला होता. आईने हात धरून मला पुढे केलं. मी खणखणीत आवाज लावला — "पयलं आवतान उंबऱ्याला!"

कुणीतरी फिसकन हसलं. समोर काका मांडवाची मेढ रोवायला उभा होता. त्याच्या हातात उंबराची फांदी. हिरवीगार. सगळ्या बायका त्या फांदीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

मी पुढची ओळ शोधली. नव्हतीच.

आईने माझा हात सोडला. मागे वळली आणि त्या फाटक्या आवाजात हाक मारली, "प्रणय!"